मागे माणूस बसवून

१

गाडीच्या वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मग बसून कपभर चहा प्यायचा, असा शरयूचा नियम होता. निगेटिव्ह काढायची ते ठीक, ते कुणीही वायरमन सांगेल. पण चहा कशाला, असं सुमंतनं लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "घाई उतरायला. घाईत दिलेला जोड त्या दिवशी काही बोलत नाही. बोलतो तो घाटात."

ती आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवायची. सुमंत कॉलेजात भूगोल शिकवायचा. गल्लीत कुणाचा फ्यूज गेला की लोक सुमंतला ओलांडून थेट तिला हाक मारत, आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. टेस्टर केसांत खोचून ती स्टुलावर चढायची, तो खाली स्टूल धरून उभा राहायचा. ती डावखुरी; वर तिचा डावा हात चालायचा. जगात एवढ्या निर्धास्तपणे उभं राहण्यासारखी दुसरी जागा नसेल, असं त्याला वाटायचं.

तिला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. आजार फार लांबला नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी सुमंतनं पोर्चमधल्या मोटरसायकलवरची ताडपत्री काढली, सीट उघडली, निगेटिव्ह सोडवली आणि चहा घेऊन पायरीवर बसला. शेजारी खुर्चीत तात्या होते, शरयूचे वडील. आटपाडीकडचे. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. लेक गेल्यावर सुमंतनंच त्यांना इकडे सांगलीला, विश्रामबागेत आणलं होतं.

ओवी केस पुसत दारात आली. "बाबा, जमेल ना नक्की? नाहीतर कृष्णातमामांकडे टाकू गाडी."

"जमेल."

"आगं, न जमाय काय झालं?" तात्या म्हणाले. "तुज्या आईच्या हाताखाली इतकी वर्सं हेल्परी केल्याली हाय त्येंनी. एवढ्यात मान्सं परमनंट हुत्यात."

ओवीला साताऱ्याच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती. महिना बदलला की हजर व्हायचं होतं, आणि आईची गाडी घेऊनच जाणार असं तिनं सांगून टाकलं होतं. थंडीचे दिवस, पहाटेचं धुकं, आणि रस्त्याला मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. सुमंतनं एकच अट घातली होती. फॉगलाइट बसल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही.

अट घालताना ती शहाणपणाची वाटली होती. आता हातात पक्कड घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं, की काम नीट झालं तर गाडी जाणार, आणि नीट झालं नाही तर पोर धुक्यात आंधळी जाणार. या दोन्हींतलं त्याला काहीच नको होतं.

सीटखाली, बॅटरीच्या मागे, हिरव्या वायरचं एक वेटोळं टेपनं चिकटवलेलं होतं. ते कसलं हे त्याला ठाऊक होतं. पाचगणीला जाताना वाऱ्यात आणि हेल्मेटात त्याला मागचं ऐकू यायचं नाही. शरयू ओरडायची, तो "काय?" म्हणून ओरडायचा, आणि तोवर चहाचं हॉटेल मागे पडायचं. शेवटी तिनं स्पीडोमीटरशेजारी एक छोटा हिरवा दिवा बसवला. त्याचं बटण मागच्या सीटच्या कडेला यायचं होतं.

"एकदा पेटला तर हळू," तिनं सांगितलं होतं. "दोनदा पेटला तर थांबा, मला उतरायचंय."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा दाबायची वेळ आली तर मी ड्रायव्हर बदलीन."

दिवा बसला, वायर सीटखालपर्यंत आली, आणि बटण राहून गेलं. मग दवाखाने सुरू झाले.

सुमंतनं वेटोळ्याला हात लावला नाही. त्यानं फॉगलाइटच्या वायरी ओढल्या, दिव्यांचा भार पेलणारा रिले बसवला, बॅटरीजवळ फ्यूज घातला आणि सगळं जागोजाग प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलं. दिसायला ते काही फार चांगलं दिसत नव्हतं.

"पेंढी बांदल्यागत दिसतंय," तात्या म्हणाले. "पर असूं द्या. सुटायची न्हाई."

२

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर त्यानं हँडलवरचा स्विच जोडायला सीट उघडली, आणि तसाच उभा राहिला.

प्लास्टिकची एकही पट्टी वायरींवर नव्हती. त्यांच्या जागी मेणाचा दोरा होता. गाडीच्या पाठीच्या नळीला धरून सगळ्या वायरी एका रांगेत निजवल्या होत्या, कुठेही एकमेकींवर चढलेल्या नाहीत, आणि त्यांच्यावरून दोरा विणत नेला होता. सारख्या अंतरावर गाठ, प्रत्येक गाठ आधीच्या गाठीच्या सरळ रेषेत. जिथे वायर वळते तिथे गाठी जवळजवळ आल्या होत्या, म्हणजे ताण वळणावर न येता गाठीवर यावा. रिलेपाशी एक वायर मुद्दाम थोडी सैल सोडली होती, उद्या रिले बदलायची वेळ आली तर हात जावा म्हणून.

हे शरयूचं काम होतं. म्हणजे, हे शरयू करायची तसं काम होतं. प्लास्टिकची पट्टी तिला चालायची नाही, ती उन्हानं तडकते आणि वायरीला चावते, असं ती म्हणायची. दोऱ्याची ही वीण तिला तात्यांनी शिकवली होती आणि तात्यांना फौजेनं.

कापलेल्या पट्ट्या तिच्या स्टीलच्या वाटीत होत्या. काम करताना ती स्क्रू ठेवायची ती वाटी. सुमंतला ती कपाटात असल्याचं आठवत होतं.

तो गुडघ्यावर बसला. भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटत होतीच. पण त्याच्याही आधी जे वाटलं ते निराळं होतं. काम इतकं सुरेख होतं, की हात आपोआप मागे गेले. बराच वेळ तो नुसता बघत राहिला.

मग त्याचं डोकं चालू लागलं. ओवी सकाळपासून मैत्रिणीकडे होती, आणि तिला ही वीण येत नव्हती. राहिले तात्या. तात्यांनी केलं असणार. लेकीच्या गाडीवर पेंढी बघवली नसेल त्यांना.

तो खूश होऊन घरात गेला. तात्या चहा पीत होते. कप दोन्ही हातांत धरला होता, आणि तरीही बशीवर त्याचा किणकिण आवाज होत होता.

३

"तात्या, जरा बाहेर येता?"

तात्या भिंत धरत आले. जवळचं त्यांना दिसायचं नाही, म्हणून त्यांनी वायरींवरून बोटं फिरवली. बोटं थरथरत होती. पहिल्या गाठीवर आल्यावर मात्र ती थांबली. तात्यांनी दुसरी गाठ चाचपली, तिसरी चाचपली, आणि मग परत पहिलीवर आले.

"तुमी केलं?" त्यांनी विचारलं.

सुमंतनं सीट आणखी वर उचलून धरली.

"माज्यापरीस झ्याक हाय," तात्या म्हणाले. "आमच्या उस्तादाला दावली असती तर त्यानं कंपनीला दावत फिरवली असती. लय झ्याक." मग बोट पुन्हा गाठीवर नेऊन म्हणाले, "पर गाठ डाव्या हाताची हाय."

"म्हणजे?"

"आमी उजवीकडनं फास टाकतो. ह्यो डावीकडनं टाकल्याला हाय. सगळंच्या सगळं." त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला. "तुमी डावखुरं न्हाई."

"तिचं बघून बघून शिकलो," सुमंत म्हणाला. "तसंच वळण पडलं हाताला."

ही थाप होती, आणि दोघांनाही ते कळलं. तात्यांनी मान हलवली.

"बरं झालं शिकलासा," ते म्हणाले, आणि भिंत धरत आत गेले.

सुमंतनं पुन्हा सीटखाली पाहिलं. हिरव्या वायरचं वेटोळं कालच्यापेक्षा लहान झालं होतं. वायर तिथून निघून नळीच्या कडेनं मागच्या सीटकडे चालली होती, वीतभर, दोऱ्यानं विणलेली.

४

त्यानं गाडी कृष्णातकडे नेली. मिरजेच्या रस्त्याला कृष्णातचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तो शरयूचा विद्यार्थी. वर्गात सगळ्यात मागे बसायचा आणि सगळ्यात जास्त बोलणी खायचा, असं तो स्वतःच सांगायचा.

"सर, वायरिंग केलंय म्हणं तुमी?" त्यानं सीट उघडली. "बघू तरी. गेल्या बारीला तुमी हॉर्न बसवला हुता, तवा हॉर्न दाबला की इंडिकेटर लागत हुता."

मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"आयला," तो म्हणाला. त्यानं टॉर्च हातात घेतला आणि वायरींवर उजेड टाकला. "आयला. सर, हे बाईंचं काम हाय. असं जोड आता कोण देतंय हो? हे बघा, स्लीव्ह कशी चढवलीया. मी आजून पोरांना सांगतो, बाई असत्या तर हातावर पट्टी बसली असती." तो अगदी वाकून बघत होता. "कवा केलं हुतं त्यांनी?"

"झाले दिवस."

"व्हय, त्यांच्यासंगट तुमी लय फिरायचासा." त्यानं एका गाठीवर अंगठा टेकवला आणि उचलला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. ते चिकटलं आणि सुटलं. "मेण ओलं हाय की, सर."

सुमंत रस्त्याकडे बघू लागला. एक टेम्पो गेला.

"आणि ही हिरवी वायर?" कृष्णातचा आवाज आता हळू झाला होता. "हिचं टोक मोकळंच हाय. काम आजून चालू हाय, सर?"

"चालू आहे," सुमंत म्हणाला.

कृष्णातनं चिंधीला हात पुसले, नीट, एकेक बोट. मग सीट दाबून बंद केली, आणि बंद केल्यावरही तळवा तिच्यावर तसाच ठेवून क्षणभर उभा राहिला. वर्ग सुटताना बाईंच्या टेबलापाशी पोरं उभी राहत, तसा.

"मला ह्यात करण्यासारखं काई न्हाई," तो म्हणाला.

५

पुढे रोज थोडं थोडं काम होत गेलं. सुमंत कॉलेजात असताना व्हायचं की तो दुपारी झोपायचा तेव्हा, हे त्याला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं पाळत ठेवली नाही. एकदा पोर्चच्या खिडकीमागे खुर्ची टाकून बसला होता. पण बसल्यावर त्याला वाटलं, ती काम करताना कुणी टक लावून पाहिलेलं तिला आवडायचं नाही. तो उठला आणि आत जाऊन पेपर तपासत बसला. बाहेर कात्रीचा बारीक आवाज आला. मग दोरा ओढल्याचा. त्याचं पेन एकाच ओळीवर थांबून राहिलं.

शेवटी एक दिवस वेटोळं संपलं. मागच्या सीटच्या डाव्या कडेला, बसणाऱ्याचा हात सहज पडेल अशा जागी, एक काळं बटण होतं. नवं. भोक इतकं स्वच्छ पाडलं होतं, की रंगाची एक कपचीही उडाली नव्हती.

सुमंतनं ते दाबलं. पुढे हिरवा दिवा लागला.

आता मात्र त्याच्या ध्यानात आलं. ही गाडी ओवी नेणार होती. एकटी. सांगली सोडली की आष्टा, इस्लामपूर, मग हायवे. आणि ती गाडीवर असताना मागे...

त्यानं विचार तिथेच तोडला. तिच्या हाताखाली शिकलेल्या गोष्टींवर माणसानं विश्वास ठेवावा. दिव्याला वीज लागते, वीज बॅटरीतून येते, आणि वाटेत फ्यूज असतो. हिरव्या वायरचा वेगळा छोटा फ्यूज होता. त्यानं तो उपसून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. परत बटण दाबलं. दिवा लागला नाही.

त्याला बरं वाटलं. आणि लगेचच, जेवताना कुणाला ताटावरून उठवल्यासारखं वाटलं.

६

जाण्याच्या दोन दिवस आधी, तिन्हीसांजेला, त्यांनी दिव्यांची उंची लावली.

कंपाउंडच्या भिंतीवर ओवीनं खडूची आडवी रेघ ओढली. गाडी भिंतीसमोर, सुमंत गाडीवर. उजेडाची वरची कड रेघेला लागली पाहिजे. जास्त वर गेली तर समोरच्याच्या डोळ्यांत, जास्त खाली आली तर फक्त आपलंच चाक दिसतं. यातही शरयूचा एक नियम होता. मागे माणूस बसवूनच दिवे लावायचे. मागे वजन पडलं की गाडीचं तोंड वर होतं आणि उजेडही वर जातो. रस्त्यावर जेवढं वजन असणार तेवढंच भिंतीपुढे हवं. गाडीवर नेहमी ते दोघंच असत, म्हणून ती मागे बसायची आणि ओवी, तेव्हा फ्रॉकातली, खडू घेऊन भिंतीपाशी.

"मी एकटीच जाणार आहे ना," ओवी म्हणाली. "मग एकट्याच्याच वजनानं लावा."

तिनं पाना घेऊन दोन्ही दिवे खाली-वर केले. कड बरोबर रेघेवर आली. तिनं नट आवळले, चार पावलं मागे सरकून पाहिलं आणि अंगठा दाखवला.

तेवढ्यात मागचा शॉकअप करकरला.

बारीक आवाज. गाडी किंचित डावीकडे कलली आणि सावरली. सुमंतचे पाय जमिनीवर आपोआप रुंद झाले. वर्षानुवर्षं ते असेच रुंद व्हायचे, कुणी मागे चढताना. भिंतीवरचा उजेड सावकाश वर सरकला, रेघ ओलांडून चार बोटं वर गेला, आणि तिथे थांबला.

"बाबा, मागे टेकलात का?"

"नाही."

"मग वर कसा गेला?"

तो मागे वळला नाही. आरशातही पाहिलं नाही. गाडीचा तोल त्याच्या मांड्यांमध्ये होता आणि त्या तोलाची त्याला इतकी ओळख होती, की बघायची गरजच नव्हती. मानेवरचे केस उभे राहिले होते. त्याच वेळी, त्याच्या मनाविरुद्ध, खांदे मात्र सैल पडले.

"चाकातली हवा बघ," तो म्हणाला.

"हवा ठीक आहे." ओवी वाकून उठली. "नट सैल राहिला असेल. परत लावू?"

"नको," पोर्चमधून तात्यांचा आवाज आला. त्यांना जवळचं दिसायचं नाही, लांबचं मात्र अजून चांगलं दिसायचं. खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून ते पुढे झुकून बघत होते. "ऱ्हाऊ द्या आजच्या दिस. दिवं बंद करा, सुमंतराव. आणि... सावकास उतरा."

सुमंतनं दिवे बंद केले. पण तो लगेच उतरला नाही. मागचं वजन आधी उतरू द्यायचं असतं.

७

ओवीच्या जाण्याच्या आदल्या सकाळी, उजाडता उजाडता, तो गाडी घेऊन एकटाच बाहेर पडला. गाडी पोरीच्या हातात देण्याआधी आपण चालवून बघायची, एवढंच त्यानं स्वतःला सांगितलं. फ्यूज खिशात होता. निघताना त्यानं तो चाचपला.

विश्रामबागेतून बाहेर पडून तो तासगावच्या रस्त्याला लागला. धुकं दाट होतं. फॉगलाइटचा पिवळा उजेड डांबरावर चांगला पडत होता, लांबवर, जरा जास्तच लांब. त्याला अभिमान वाटला. कुणाचा, ते त्यानं ठरवलं नाही.

एका वळणाआधी हिरवा दिवा एकदा लागला.

त्यानं अ‍ॅक्सिलरेटर सैल सोडला. वेग उतरला. पुढच्याच क्षणी चाकाखाली एक गतिरोधक आला, कोरा, त्यावर अजून पांढरे पट्टेही मारलेले नव्हते. गाडी अलगद चढली आणि उतरली. हा गतिरोधक गेल्या आठवड्यात नव्हता.

त्यानं खिशाला हात लावला. फ्यूज तिथेच होता. कुठेतरी वायर चिकटली असेल. बॉडीतून करंट येत असेल. धुक्याची ओल असते. ही सगळी कारणं खरी असू शकत होती, आणि तो ती एकामागून एक मनात म्हणत राहिला, थंडीत माणूस काहीतरी पुटपुटत राहतो तसा. गाडी मात्र त्यानं वळवली नाही. तो तसाच पुढे गेला, मळे मागे पडत गेले, आणि कितीतरी दिवसांनी आपली पाठ गार लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी दिवा दोनदा लागला.

इथे ती नेहमी उतरायची. पुढे चालत जाऊन गेट उघडायची, म्हणजे त्याला चढावर गाडी थांबवावी लागू नये. सुमंतनं थांबायचं ठरवलं असं नाही. त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी थांबली, रोजच्या जागी.

मागचा शॉकअप करकरला. गाडी हलकी झाली, आणि समोरचा उजेड खाली उतरला. उतरत उतरत तो जिथे असायला हवा तिथे, एकट्या माणसाच्या रेघेवर, स्थिर झाला.

त्याला हाक मारायची होती. नाव ओठांपर्यंत आलं.

हिरवा दिवा पुन्हा एकदा लागला. तिसऱ्यांदा. या वेळी तो बराच वेळ लागून राहिला आणि मग विझला.

धुक्यात, गल्लीच्या टोकाला, घरचं गेट उघडं होतं. निघताना त्यानं ते लावून कडी घातली होती.

८

ओवीचं सामान मैत्रिणीच्या गाडीतून पुढे गेलं होतं. लांबूनही दिसावं म्हणून तिनं चकचकीत पिवळं जाकीट घेतलं होतं. ते घालून ती तात्यांच्या पाया पडली.

"पोचल्यावर फोन कर," तात्या म्हणाले. "आणि ट्रालीच्या मागं लागू नगंस. मोर जायची घाई मेलं तरी करायची न्हाई."

"नाही करत. तुम्ही बाबांना वायरिंग करू देऊ नका. घर जाळतील."

"त्येंचं काम झालं आता," तात्या म्हणाले, आणि सुमंतकडे न बघता खुर्चीत बसले.

ओवी गाडीवर बसली, गाडी सरळ केली आणि दिवे लावले. समोरच्या भिंतीवर खडूची रेघ अजून होती. उजेड बरोबर रेघेवर पडला.

मग शॉकअप करकरला, आणि उजेड चार बोटं वर गेला.

"बघा!" ओवी म्हणाली. "परत तेच. बाबा, हा काही नीट बसलेला नाहीये."

सुमंत उजेडाकडे बघत राहिला. गाडी आतमध्ये न्यावी, ताडपत्री टाकावी आणि सांगावं, बसनं जा. एवढंच करायचं होतं. पोर रुसली असती आणि गेली असती. गाडी इथे राहिली असती, पोर्चमध्ये, त्याची. आणि दुपारी कात्रीचा आवाज आला असता.

पण ती काल उतरली होती, आणि उतरल्यावर तिनं आपलं म्हणणं सांगितलंही होतं. तिसऱ्यांदा दिवा, म्हणजे ड्रायव्हर बदलायचा. तिचं म्हणणं त्याला कधी एका वेळेत कळत नसे. या वेळी कळलं होतं.

"उतरू नकोस," तो ओवीला म्हणाला. "तशीच बस."

त्यानं पाना आणला, गाडीसमोर गुडघ्यावर बसला आणि दोन्ही दिवे हळूहळू खाली केले, उजेडाची कड रेघेला लागेपर्यंत. नट आवळले. त्यानं घाई केली नाही.

"पण मी एकटी असताना मग फार खाली पडेल ना उजेड?"

"नाही पडणार."

खिशातून त्यानं फ्यूज काढला आणि त्याच्या जागी बसवला. मग मागच्या बाजूला जाऊन मिटलेल्या दोन्ही पायटेकण्या खाली उघडल्या.

"बाबा, मागे कुणी नाहीये."

"असू देत उघड्या." त्यानं स्पीडोमीटरशेजारी बोट ठेवलं. "आणि हा हिरवा दिवा. एकदा लागला तर हळू व्हायचं. दोनदा लागला तर थांबायचं, कुठेही असलीस तरी. लगेच."

ओवी हसली. आईसारखी, एका गालानं. "आणि लावणार कोण तो?"

"जुनं वायरिंग आहे," सुमंत म्हणाला. "लागतो कधीकधी. लागला की ऐकायचं."

तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, हेल्मेटची काच खाली केली, आणि मान हलवली.

गेट उघडंच होतं. गाडी बाहेर पडली आणि गल्लीतून सावकाश निघाली. उजेड रस्त्यावर अगदी जिथे पडायला हवा तिथे पडत होता. सुमंत गेटला धरून उभा राहिला. धुकं होतं, पण फार नव्हतं. गाडीचा मागचा लाल दिवा त्याला स्वच्छ दिसत होता. त्याच्याखालची नंबरप्लेट दिसत होती, तिच्यावरचे आकडे त्याला वाचता येत होते.

पिवळं जाकीट मात्र कुठेच दिसत नव्हतं. ओवीच्या पाठीच्या आणि त्याच्या नजरेच्या मध्ये काहीतरी गडद होतं, तिच्याएवढंच उंच, जरासं डावीकडे झुकलेलं.

गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. आवाज लांब गेला. सुमंतनं गेट सोडलं नाही. वर कुणी काम करत असताना स्टूल धरावं, तसं त्यानं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, आणि फोन येईपर्यंत तो तसाच उभा राहणार होता.